पाळी

१७ जून २०२३, शनिवार. सोलापूर

लेकीला आज गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरच्या लशीचा पहिला डोस दिला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक. जानेवारीत ती बाजारात आली तेव्हापासून "घेऊ या, घेऊ या" चाललं होतं, जून उजाडला. ऑगस्टमध्ये लेकीला पंधरा पूर्ण होतील. कार्ड भरता भरता डॉक्टरबाई म्हणाल्या, "बरं झालं आत्ताच आलात. पंधरा पूर्ण व्हायच्या आत पहिला डोस झाला की दोनांत भागतं. नंतर सुरुवात केली तर तीन. आज, दोन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी."

सुई डाव्या दंडात. नंतर पंधरा मिनिटं बाकावर बसवून ठेवलं; या वयाच्या मुलींना कधी कधी सुईनंतर भोवळ येते म्हणून. लेक खुशाल मैत्रिणीला मेसेज करत बसली होती. भोवळ यायची तर मलाच आली असती.

घरी सासूबाईंनी विचारलं, "कसली लस?"

"पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची."

"एवढ्याशा पोरीला?"

एवढ्याशा पोरीलाच द्यायची असते, हे त्याचं खरं उत्तर. हा आजार एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो, तो शरीरसंबंधातून येतो, आणि एकदा आत शिरलेल्या विषाणूला लस हुसकावू शकत नाही. तिचा उपयोग तो यायच्या आधी. पण चहाच्या कपाबरोबर हे सगळं सासूबाईंपुढे ठेवायचं धाडस झालं नाही. "डॉक्टरांनी सांगितलंय," म्हटलं. या वाक्यावर आमच्या घरात अपील नसतं.

कार्डावर पुढची तारीख १७ डिसेंबर. विम्याच्या कचेरीत बावीस वर्षं नोकरी केलेल्या बाईला तारीख सांगावी लागत नाही. कार्ड शाळेच्या दाखल्यांच्या फाइलीत नीट लावून ठेवलं.

३० ऑगस्ट २०२३, बुधवार. राखीपौर्णिमा

यंदा अधिक श्रावण, म्हणून राखी ऑगस्टच्या अखेरीला. पंचांगाने अख्खा महिना मध्ये घातला तरी सण बुडाला असं कोणी म्हणत नाही.

बार्शी तालुक्यात दादाकडे आलो. पावसाने महिनाभर तोंड दाखवलेलं नाही. जूनमध्ये उशिरा आला, जुलैत बरा पडला आणि ऑगस्ट कोरडा ठाक. सोयाबीनची पानं दुपारी मिटून घेतात. दादाची विहीर चुलतभावात वाटून आहे, चार दिवस याचं पाणी, चार दिवस त्याचं. जेवताना दादा म्हणाला, "आपली पाळी शुक्रवारी. तवर धरलं तर धरलं." लेक घास हातात धरून लाल झाली. माझ्या कानाशी येऊन कुजबुजली, "आई, मामा काय बोलतोय!" मग तिला सांगितलं, बाई गं, शेतात पाळी म्हणजे आपली वेळ, आपला नंबर. तुझ्या-माझ्या पाळीचा शब्दही तिथलाच.

तिने मामाला विचारलं, "मग हे सगळं काढून पुन्हा पेरणार का?"

"येडी का काय? उगवलंय की. पाणी उशिरा आलं म्हणून उगवलेलं मोडून कुणी दुबार पेरणी करतं व्हय? बी उगवलंच न्हाई तर दुबार."

मावशीही आली होती. तिचं सासर उस्मानाबाद जिल्ह्यात, आता धाराशिव म्हणतात त्यात. लेकीच्या लशीचं ऐकून ती म्हणाली, "आमच्या गावात गाडी यायची तपासायला. तुझं लग्न व्हायच्या आसपास." बायका लाजायच्या, पुरुषांना काय सांगायचं म्हणून अडायच्या. मावशी गेली. तिच्यात काहीतरी सापडलं, थंड मशीन लावून जाळलं, विषय संपला. तिच्या थोरल्या जावेने मात्र "पुढच्या खेपेला जाईन" म्हटलं. कांदा काढायला आला होता. पुढची खेप आलीच नाही. सात-आठ वर्षांनी, पाळी जाऊन बराच काळ लोटल्यावर, तिला अंगावर लाल जायला लागलं, आणि मग धावपळ करून उपयोग नव्हता.

मावशीने माझ्याकडे बघून विचारलं, "तू घेतलंस का तपासून?"

"घेईन की," म्हटलं. कांदा नव्हता, पण ऑगस्टअखेरची कामं होती.

१७ डिसेंबर २०२३, रविवार

सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन परवा झालं. डोळ्यांत दोन प्रकारचे थेंब, एक चार तासांनी, एक सहा तासांनी. मोबाइलवर सात गजर लावलेत. एकही वेळ चुकू दिली नाही म्हणून सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, "आमची सून म्हणजे घड्याळ." दिवसभर मनातून फुगून होते.

१६ जानेवारी २०२४, मंगळवार

गड्ड्याच्या यात्रेमुळे रस्ते तुंबलेले, ऑफिसातून घरी यायला पाऊण तास. लेकीच्या दहावीच्या कागदांसाठी फाइल उघडली आणि कार्ड मांडीवर पडलं. १७ डिसेंबर. गेल्या पानावर त्याच तारखेखाली मी स्वतःच्या हाताने घड्याळ हा शब्द लिहिलाय.

दवाखान्यात फोन केला. डॉक्टरबाई दहा दिवस बाहेरगावी. फोनवरच्या मुलीने विचारलं, "मुलीचं वय आता किती?" पंधरा पूर्ण, म्हटलं. "मग वेळ गेली, मॅडम. आता पहिल्यापासून तीन घ्यावे लागतील." इतक्या सहज म्हणाली, जणू बस चुकलीय, पुढची धरा.

रात्री ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "एका महिन्याने काय होतंय?" कोणतीही चूक माझी असली की ह्यांना ती लहान वाटते. हा ह्यांचा चांगुलपणा, पण त्याने झोप लागत नाही.

१८ जानेवारी २०२४, गुरुवार

ऑफिसात आज तीन लॅप्स पॉलिसींचे अर्ज आले. एक गवंडी होता. दोन वर्षांचे हप्ते थकलेले. त्याला समजावलं: हप्त्याच्या तारखेनंतर सवलतीचे दिवस असतात, ते संपले की संरक्षण थांबतं, मग व्याजासकट भरा, तब्येतीचं लिहून द्या, तेव्हा पॉलिसी पुन्हा जिवंत होते. तो म्हणाला, "म्हणजे आधी भरलेले पाण्यात?" त्याला धीर देताना मी मनात लेकीच्या दंडातल्या त्या पहिल्या सुईचा हिशेब करत होते. ती पाण्यात का?

बावीस वर्षांत डोक्यात हेच बसलंय, की तारीख म्हणजे शेवटची तारीख.

२७ जानेवारी २०२४, शनिवार

डॉक्टरबाई परत आल्या. लेकीला घेऊन गेले. मी अपराध कबूल करायच्या सुरात सगळं सांगितलं. त्यांनी कार्ड बघितलं आणि हसल्या.

"पहिल्यापासून काही करायचं नाही. किती डोस घ्यायचे हे पहिल्या डोसाच्या दिवशीच्या वयावर ठरतं. तेव्हा ही चौदाची होती, म्हणून दोन. दुसरा सोळाव्या वर्षी घेतला तरी दोनच."

"पण सहा महिन्यांची मुदत…"

"मुदत नाही हो ती. सहा महिन्यांच्या आधी येऊ नका, असा त्याचा अर्थ. पाच महिन्यांच्या आत कोणी दुसरा घेऊन टाकला तर खरी पंचाईत, मग तिसरा द्यावा लागतो. उशीर झालेल्याला फक्त दुसरा द्यायचा."

मग त्यांनी कारण सांगितलं. लशीत विषाणू नसतोच, त्याच्या वरच्या टरफलाची नक्कल असते. पहिल्या सुईने शरीर ते टरफल ओळखतं. त्यानंतर काखेतल्या गाठींमध्ये काही महिने निवड चालते. ते टरफल घट्ट धरणाऱ्या पेशी वाढतात, ढिल्या गळतात. हे काम उरकायच्या आत दुसरी सुई टोचली तर तिचा पुरता उपयोग होत नाही. सावकाश टोचली तर तयार पेशी जोमाने उठतात. लोणच्याला मुरायला द्यावं लागतं, तसं. बरणी दोन दिवसांत उघडलीत तर फोडी कच्च्याच.

मी विचारलं, "मग वर्षानुवर्षं ठेवली तरी चालेल?"

"मुद्दाम नका ठेवू. मुलगी मोठी होत जाते, घर विसरतं, गाव बदलतं. उशिराने लस बिघडत नाही. राहूनच जाण्याची भीती जास्त."

तीन डोसवाल्यांचंही विचारून घेतलं, ऑफिसातल्या एका सहकारी बाईंची मुलगी एकोणीसची आहे म्हणून. तिथे पहिल्या-दुसऱ्यात निदान चार आठवडे, दुसऱ्या-तिसऱ्यात बारा आठवडे, पहिल्या-तिसऱ्यात पाच महिने हवेत. मधला चुकला तरी जिथे थांबलो तिथून पुढे. ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे, एचआयव्ही आहे, त्यांनी मात्र तीनच घ्यावेत, वय काहीही असो.

डोस आज होणार होता, पण लेकीचं अंग तापलेलं निघालं. एकशे एक. डॉक्टरबाई म्हणाल्या, "साध्या सर्दीला थांबले नसते, तापाला थांबू." सोमवारपासून पूर्वपरीक्षा, मग बोर्ड. लेकीनेच तारीख काढली: शेवटच्या पेपरनंतरचा पहिला शनिवार, ३० मार्च. या वेळी मी ती मोबाइलवर घातली, कॅलेंडरवर घातली आणि सासूबाईंना पाठ करायला सांगितली.

३ फेब्रुवारी २०२४, शनिवार

परवा अर्थसंकल्पाच्या भाषणात अर्थमंत्र्यांनी नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींच्या या लसीकरणाला प्रोत्साहन देण्याचं सांगितलं. काल सकाळी एका अभिनेत्रीच्या याच आजाराने झालेल्या मृत्यूची बातमी. ऑफिसातल्या बायका जेवणाच्या सुट्टीत डबे न उघडता तेच बोलत होत्या. आज ती स्वतःच येऊन सांगते, मी जिवंत आहे, जागृतीसाठी केलं. ज्या देशात वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा कॅन्सर होतो तिथे मेल्याचं सोंग कशाला लागावं? मावशीची जाऊ सोंग न करता गेली. तिची बातमी झाली नाही.

खरी बातमी स्कॉटलंडची होती, ती कोणी वाचली नाही. तिथे २००८ पासून शाळेत लस देतात. बारा-तेराव्या वर्षी लस घेतलेल्या मुलींमध्ये आजवर या कॅन्सरचा एकही रुग्ण सापडलेला नाही, मग त्यांचे डोस कितीही झालेले असोत. त्याहून मोठ्या वयात ज्यांनी सुरुवात केली त्यांच्यात रुग्ण कमी झाले, शून्यावर आले नाहीत, आणि त्यांना तीन डोस लागले.

म्हणजे मी दुसऱ्या तारखेसाठी जीव टाकत होते आणि महत्त्वाची होती पहिली. माझा खरा उशीर डिसेंबरातला नव्हता. लेक दहाची, अकराची, बाराची असताना "अजून लहान आहे" म्हणत घालवलेली वर्षं, तो उशीर.

११ फेब्रुवारी २०२४, रविवार

नानांच्या वर्षश्राद्धाला दादाकडे. पंगत उठल्यावर ओसरीवर बायका बसल्या. लशीचा विषय निघाला तशी पलीकडच्या वस्तीवरची एक सून म्हणाली, "ती सुई मला शाळेत असतानाच दिलीय." मला खरं वाटेना. ती सत्तावीस-अठ्ठावीसची. तेव्हा कुठली लस?

मग उलगडलं. सप्टेंबर २००९ मध्ये देशात नऊ ठिकाणी एक मोठा अभ्यास सुरू झाला होता. त्यात पुणे होतं आणि आमचं बार्शी होतं. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालयाचं नाव या भागात एसटी स्टँडइतकं ओळखीचं. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ पासून इथेच चालते. मावशीच्या गावातली ती तपासणीची गाडीही याच रुग्णालयाच्या कामातली, पण तो अभ्यास वेगळा. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या बावन्न गावगटांमधल्या एक लाख एकतीस हजारांवर बायका त्या अभ्यासात होत्या, आणि आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कॅन्सरचे मृत्यू निम्म्यावर येतात, हे २००९ साली जगाला तिथून कळलं. काही गावांच्या वाट्याला मात्र तुलनेसाठी नेहमीच्या सेवेपलीकडे तपासणी आलीच नाही; त्यावर पुढे वाद झाला, तो व्हायलाच हवा होता.

लशीच्या अभ्यासात प्रश्न साधा होता: तीन डोसांचं काम दोनांत होतं का? दहा ते अठरा वर्षांच्या वीस हजार मुली घ्यायच्या, निम्म्यांना दोन, निम्म्यांना तीन. सात महिने झाले आणि एप्रिल २०१० मध्ये सगळं थांबलं. दोष या अभ्यासाचा नव्हता. तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा इथे वेगळा लसीकरण प्रकल्प चालला होता, तिथल्या सात मुली दगावल्या. त्या मृत्यूंचा लशीशी संबंध चौकशीत आढळला नाही. पण आईबापांच्या संमतीच्या जागी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या ठोकल्याचं उघड झालं. सरकारने देशभर या लशीच्या सगळ्या चाचण्यांमधलं लसीकरण बंद केलं.

"माझ्या कार्डावर दुसऱ्या सुईची तारीख होती," ती म्हणाली. "पण कुणी बोलवलंच न्हाई. मग लगीन झालं. पोरगा झाल्यावर बाया आल्या घरी शोधत, नमुना घ्यायला. म्हटलं, अजून इसरला न्हाई तर."

विसरले नव्हते. जवळपास अठरा हजार मुलींना तोवर लस मिळाली होती. त्यांतल्या सुमारे पाच हजारांच्या वाट्याला एकच डोस आला होता. काहींना दोन महिन्यांच्या अंतराने दोन. काहींचे ठरल्याप्रमाणे पूर्ण. संशोधकांनी हा मोडलेला अभ्यास टाकून दिला नाही. वर्षानुवर्षं मुलींच्या सासरचे पत्ते काढत गेले. दहा वर्षांच्या पाठपुराव्याचे आकडे २०२१ मध्ये आले: लस ज्यांच्याविरुद्ध आहे त्यांतल्या मुख्य दोन विषाणूंच्या, सोळा आणि अठरा क्रमांकाच्या, टिकून राहणाऱ्या संसर्गापासून संरक्षण तीन डोसांनी ९३.३ टक्के, दोनांनी ९३.१, आणि एका डोसाने ९५.४. म्हणजे तिन्ही सारखेच. कोस्टा रिका आणि केनियातूनही असंच दिसलं. एप्रिल २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी वीस वर्षांपर्यंतच्या मुलींना एक डोसही चालेल असं सांगितलं. ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड गेल्या वर्षी एकावर आले.

लेक ऐकत होती. म्हणाली, "मग मला दुसरा कशाला?" प्रश्न बरोबर होता. आपल्याकडच्या लशीच्या कागदावर दोन लिहिलेत, डॉक्टरबाई दोन म्हणतात, आपल्याला ते परवडतात, म्हणून दोन. पण यापुढे एखादीचा दुसरा राहून गेला तर तिच्या आईने माझ्यासारखी रात्र जागवू नये. तिला हे सांगता येतं, ते ओसरीवर बसलेल्या या बाईमुळे. तिला कोणी विचारलं नव्हतं, "तुझा डोस चुकवू का?" तिची पाळी चुकली, त्यातून जगाला उत्तर मिळालं, आणि तिला ते आज माझ्याकडून कळलं, भजी खाता खाता. हे काही बरोबर वाटत नाही.

दादा म्हणाला, "बघ, मी म्हटलं नव्हतं? उगवलेलं मोडायचं न्हाई." त्याच्या सोयाबीनला शेवटी निम्मा उतारा पडला. इथे दादाचा दाखला अपुरा. उशिरा पाण्याने पिकाचं नुकसान होतं. लशीचं होत नाही.

३० मार्च २०२४, शनिवार

दुसरा डोस झाला. नऊ महिने तेरा दिवस. पेपर चांगले गेल्यामुळे लेक बाकावर पाय हलवत बसली होती. सकाळी सहाला सासूबाईंनीच उठवलं: "आज पोरीची लस ना?" निघताना हळूच म्हणाल्या, "आमच्या वेळेला असती तर माझी बहीण राहिली असती." चोवीस वर्षांत या बहिणीबद्दल मी पहिल्यांदा ऐकलं.

डॉक्टरबाईंनी कार्डावर सही केली, शिक्का मारला, आणि लेकीला सांगितलं, "तिसाव्या वर्षानंतर तपासणी करायचीच. लस सगळ्या प्रकारांना अडवत नाही." मग कार्ड माझ्या हातात देत, "आणि तुमची कधी झालीय?"

फाइल मिटायला मला फार वेळ लागला.

१२ एप्रिल २०२४, शुक्रवार

पाडवा झाला, रजा टाकली. एकटीच गेले. खिडकीवरच्या कागदावर नाव, वय चव्वेचाळीस, आणि खाली: शेवटची पाळी कधी आली? पेन थांबलं. फेब्रुवारी की त्याच्या आधी? हल्ली ती कधीही येते, कधी येतच नाही. दुसऱ्यांच्या तारखा बावीस वर्षं सांभाळलेल्या बाईला स्वतःची सांगता येईना. अंदाजे लिहिलं.

पुढचा रकाना: आधीची तपासणी. तिथे रेघ मारली.

बाकावर शेजारी खेड्यातली एक म्हातारी बसली होती, सुनेला घेऊन आलेली. आतून एक बाई पदर सावरत बाहेर आली. पडदा हलत राहिला. म्हातारीने इकडेतिकडे बघून विचारलं, "आता कुणाची पाळी?"

"माझी," म्हटलं आणि उठले.